पेशींचं म्हातारपण आणि मेंदूचे आजार : वाचकांचे प्रश्न

नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच शंका फिरून फिरून आली आहे. शरीरातल्या पेशी म्हाताऱ्या होतात म्हणूनच अल्झायमर, पार्किन्सनसारखे आजार होतात का, आणि तसं असेल तर त्यावर काही करता येतं का? त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. चालू असलेली कुठलीही गोळी हे सदर वाचून परस्पर बंद करू नका किंवा वाढवू नका. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून विसरतात. एमआरआयच्या रिपोर्टात ‘वयोमानानुसार मेंदू आकसला आहे’ असं लिहिलंय आणि ‘वयाचं आहे’ म्हणून विषय संपला. मग हा आजार नाही का? शिवाय मेंदूच्या पेशींचं विभाजन होत नाही असं शाळेत शिकलो होतो. मग त्या म्हाताऱ्या होतात म्हणजे नेमकं काय होतं?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : रिपोर्टातली ती ओळ अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जवळजवळ प्रत्येकाच्या रिपोर्टात सापडेल. तिच्यावरून आजार आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. मात्र ‘वयाचं आहे’ म्हणून विषय संपवणं आम्हाला मान्य नाही. भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सुमारे सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असतो. म्हणजे उरलेल्या त्र्याण्णवांना तो नसतो, आणि वय त्यांचंही झालेलंच असतं.

आधी पेशींचं पाहू. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं की माणसाच्या त्वचेसारख्या ऊतीतल्या पेशी काचपात्रात वाढवल्या तर त्या साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, थोडी थोडी झिजतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. पण हा हिशोब विभागणाऱ्या पेशींचा आहे. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या बहुतेक जन्माच्या आधी किंवा जन्मानंतर लवकरच तयार झालेल्या असतात. तुमच्या वडिलांच्या चेतापेशीही ७८ वर्षांच्याच आहेत. टेलोमिअर झिजून त्या थांबत नाहीत. बदली पेशी मिळत नसल्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य दुरुस्ती आणि साफसफाई यांवर चालतं, आणि वयाबरोबर मंदावते ती हीच साफसफाई.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो ऊर्जा खातो वीस टक्क्यांच्या आसपास. ती ऊर्जा मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या छोट्या वीजघरांत, तयार होते आणि ते काम करता करता मायटोकॉन्ड्रिया स्वतः बिघडतात. बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया आणि चुकीची घडी पडलेली प्रथिनं वेढून, मोडून, त्यांतला कच्चा माल पुन्हा वापरायची सोय पेशीत असते. तिला ऑटोफॅजी म्हणतात. (तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.) ही सोय ढिली पडली की घंटागाडी आठवडाभर आली नाही तर गल्लीची जी गत होते, तीच पेशीची होते. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन पेशींच्या बाहेर साचतं आणि टाऊ नावाचं प्रथिन आत गुंतून बसतं. पार्किन्सनमध्ये आत साचतं ते अल्फा-सायन्युक्लिन.

हा संबंध नुसता तर्काचा नाही, याचा एक स्वच्छ पुरावा आहे. ‘पिंक-१’ आणि ‘पार्किन’ ही दोन जनुकं खराब मायटोकॉन्ड्रियावर खूण करून त्यांना मोडीत काढायला लावतात. ज्यांच्यात यांपैकी एका जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतःच नादुरुस्त असतात, त्यांना पार्किन्सन बऱ्याचदा चाळिशीच्या आधीच गाठतो. वय लहान, पण सफाई बंद, की आजार हजर.

दुसरा भाग शेजाऱ्यांचा. चेतापेशींना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशींपैकी बऱ्याच विभागू शकतात आणि त्या खऱ्या अर्थाने ‘म्हाताऱ्या’ होतात. अशी पेशी विभागायचं थांबते पण मरत नाही, आणि दाह वाढवणारी रसायनं सतत सोडत राहते. आसपासच्या निरोगी पेशी त्यात होरपळतात. २०१८ मध्ये टाऊचा आजार होणाऱ्या उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात अशा म्हाताऱ्या ग्लिया पेशी वेळोवेळी काढून टाकल्या, तेव्हा टाऊच्या गाठी कमी झाल्या आणि स्मरण टिकलं. उंदरांत, हे विसरू नका.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रोजेरिया या दुर्मीळ आजारात दहा वर्षांच्या मुलाचं शरीर म्हाताऱ्यासारखं होतं, केस जातात, रक्तवाहिन्या कडक होतात. पण त्यांना अल्झायमर होत नाही. त्या आजारातलं सदोष प्रथिन मेंदूच्या पेशींत फारसं बनतच नाही. म्हणजे शरीराचं म्हातारपण आणि मेंदूचं म्हातारपण एकाच घड्याळावर चालत नाही. पेशींचं वय हे आजाराला जमीन तयार करून देतं; आजार त्या जमिनीवर उगवेलच असं नाही.

आता वडिलांबद्दल. नाव आठवेना आणि तासाभराने आठवलं, चष्मा कुठे ठेवला ते सापडेना, हे वयाचं. तोच प्रश्न अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारणं, आयुष्यभर सांभाळलेला पेन्शनचा हिशोब चुकणं, सीबीएस बसस्थानकावरून घरी येताना रोजचा रस्ता चुकणं, गोळ्या दोनदा घेणं, हे वयाचं नाही. असं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना त्या प्रसंगांची तारीखवार यादी घेऊन जा. वडिलांसमोर ती वाचून दाखवायला लागू नये म्हणून कागद आधीच आत द्या. एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. हिप्पोकॅम्पस हा स्मरणाचा भाग बाकीच्या मेंदूपेक्षा जास्त आकसला आहे का, जुने छोटे झटके दिसतात का, हे डॉक्टरांना स्वतः पाहू द्या.

रक्तात किमान इतकं तपासलेलं असावं : सीबीसी, बी-१२, टीएसएच, सोडियम, कॅल्शियम, साखर, क्रिएटिनिन, लिव्हर. यात आमचा सगळ्यात जास्त जोर बी-१२ वर आहे. आयुष्यभर शाकाहार, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, असं त्रिकूट आपल्याकडे घरोघरी असतं आणि तिन्ही गोष्टी बी-१२ खाली नेतात. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल आणि विसराळूपणा किंवा पायाला मुंग्या असतील, तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही बी-१२ मुळे मेंदूवर परिणाम झालेला असू शकतो. इंजेक्शनांनी यातलं बरंचसं भरून येतं, मात्र उशीर जितका जास्त तितकं कमी.

आणि बिघाड वर्षात न होता काही दिवसांत किंवा आठवड्यांत झाला असेल, तर तो अल्झायमर समजून थांबू नका. लघवीचा संसर्ग, ब्लडप्रेशरच्या गोळीने उतरलेलं सोडियम, महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरून डोक्याला लागलेल्या माराने कवटीच्या आत साचत गेलेलं रक्त, अशा कारणांनी असं होतं. यांवर इलाज आहे, पण तो त्याच आठवड्यात व्हावा लागतो.

प्रश्न : आरोग्य तपासणीच्या एका पॅकेजमध्ये ‘टेलोमिअर चाचणी, तुमचं खरं वय ओळखा’ असं दिलंय. ती करून डिमेन्शियाचा धोका कळेल का?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : नाही. ही चाचणी रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर मोजते. वर म्हटल्याप्रमाणे चेतापेशींचा प्रश्न टेलोमिअरचा नाहीच. एकाच वयाच्या निरोगी माणसांतही ही लांबी खूप वेगवेगळी असते आणि प्रयोगशाळा बदलली की आकडाही बदलतो. त्या पैशांत कानांची तपासणी, एचबीए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) करून घ्या. त्या तिन्हींच्या निकालावर काहीतरी करता येतं.

प्रश्न : कांद्यात क्वेर्सेटिन असतं आणि ते म्हाताऱ्या पेशी मारतं, असा व्हिडिओ इकडे सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. आम्ही तर कांद्याच्याच गावचे. रोज कच्चा कांदा खाल्ला तर फायदा होईल का? की कॅप्सूल घ्यावी? द्राक्षातल्या रेझव्हेरॅट्रॉलबद्दलही असंच ऐकतो.
— एक वाचक, लासलगाव

उत्तर : व्हिडिओतला धागा खरा आहे, पण तो फार ताणला आहे. म्हाताऱ्या पेशी नेमक्या वेचून काढणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. त्यातली सर्वात जास्त अभ्यासलेली जोडी म्हणजे डॅसाटिनिब आणि क्वेर्सेटिन. डॅसाटिनिब हे रक्ताच्या एका कर्करोगावरचं औषध आहे. त्याने प्लेटलेट उतरू शकतात, फुप्फुसाभोवती पाणी होऊ शकतं. नुसतं क्वेर्सेटिन म्हणजे ही जोडी नव्हे.

अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या पाच रुग्णांवर या जोडीची एक छोटी चाचणी झाली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. डोस होता १०० मिलिग्रॅम डॅसाटिनिब आणि १००० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन, सलग दोन दिवस, मग दोन आठवडे सुट्टी, असं बारा आठवडे. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं तेव्हा चार जणांत डॅसाटिनिब सापडलं. क्वेर्सेटिन कुणाच्याच पाण्यात सापडलं नाही. औषध मेंदूपर्यंत पोचतं का आणि ते सोसतं का, एवढंच पाहण्यासाठी ती चाचणी होती. स्मरण सुधारतं का, हे सांगण्याइतकी ती मोठी नव्हतीच.

आता कांद्याचं गणित. १०० ग्रॅम लाल कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन धरा. १००० मिलिग्रॅमसाठी दिवसाला अडीच ते पाच किलो कांदा झाला. त्यातही ते सगळ्यात जास्त असतं बाहेरच्या लाल पापुद्र्यांत, आणि सोलताना आपण तेच दोन पापुद्रे काढून टाकतो. कांदा जरूर खा, सोलताना हात राखून सोला, पण तो कांदा म्हणून खा, औषध म्हणून नको.

कॅप्सूलबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. विशेषतः वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मुळीच नको, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणखी एक गोष्ट त्या व्हिडिओत नसते. म्हाताऱ्या पेशी सगळ्याच वाईट नसतात. जखम भरताना त्या काही काळ लागतात. उंदरांत त्या काढून टाकल्या तर जखम सावकाश भरली. मधुमेहामुळे पायाला जखम असलेल्या माणसाने असले प्रयोग करणं धोक्याचं आहे.

रेझव्हेरॅट्रॉलचा निकाल आणखी बोलका आहे. अल्झायमरच्या ११९ रुग्णांवर वर्षभर चाललेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. डोस वाढवत वाढवत दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत नेला होता. स्मरणात ठोस फायदा दिसला नाही, आणि औषध घेणाऱ्यांचा मेंदू न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आकसलेला दिसला. एक लिटर रेड वाइनमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. त्यासाठी वाइन सुरू करण्यात अर्थ नाही. अतिमद्यपान हे स्वतःच डिमेन्शियाचं एक मान्य कारण आहे.

प्रश्न : पंचवीस वर्षं द्राक्षबागेत औषध मारतोय. चुलत्यांना पार्किन्सन झाला, तेही बागेतच असायचे. औषधांमुळे होतो म्हणतात, खरं का? माझं वय ५२. आता काय काळजी घेऊ?
— एक शेतकरी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : चुलत्यांना कशामुळे झाला, हे एका माणसापुरतं कुणीच सांगू शकत नाही. पण मोठ्या गटांच्या अभ्यासांत काही शेती-रसायनांचा आणि पार्किन्सनचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे, आणि तो पेशींच्या पातळीवर समजतोही. रोटेनॉन हे कीटकनाशक मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जा बनवायची पहिलीच पायरी अडवतं. पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार करत राहतं. वयाने आधीच थकलेल्या चेतापेशींना हा दुहेरी भार झेपत नाही. त्यातही हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी जास्त नाजूक, कारण एकेका पेशीला लाखो जोडण्या सांभाळायच्या असतात. कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यात पॅराक्वाट आणि मॅनेब हे बुरशीनाशक दोन्ही जिथे फवारलं जायचं, तिथे राहणाऱ्यांत आजार जास्त दिसला. डावणी या द्राक्षावरच्या बुरशीसाठी आपल्याकडे वापरतात ते मॅन्कोझेब मॅनेबच्याच घराण्यातलं आहे आणि त्यात मँगेनीज असतं. त्याच्याविरुद्धचा माणसांतला पुरावा पॅराक्वाटइतका भक्कम नाही, पण ऑक्टोबर छाटणीनंतर ते किती वेळा हातून जातं हे तुम्हालाच माहीत. पॅराक्वाटवर युरोपियन युनियनमध्ये २००७ पासून बंदी आहे. तुमच्या बागेत तणासाठी ते वापरत असाल तर सोडाच. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

शरीरात जास्तीत जास्त औषध नाकातून जातं असा समज आहे. खरं तर ते कातडीतून जातं, आणि सगळ्यात धोक्याची वेळ फवारणीची नसून मिसळण्याची असते, कारण तेव्हा औषध पातळ झालेलं नसतं. म्हणून हातमोजे बाटलीचं बूच फिरवायच्या आधी चढवा. नायट्राइलचे, कोपराकडे जाणारे लांब घ्या. कापडी किंवा चामडी मोजे औषध शोषतात आणि हाताला धरून ठेवतात, त्यापेक्षा मोकळा हात धुता तरी येतो. मांडवावर फवारताना हात वर असतात, तेव्हा मोज्याची कड बाहीच्या वर घ्या आणि बाहेरच्या बाजूला दुमडा. ओघळ त्या घडीत अडकतो, कोपरापर्यंत जात नाही. खाली बुंध्याशी किंवा तणावर मारताना उलट, बाही मोज्यावर ओढा. पँट गमबुटाच्या बाहेर, आत कधीच नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल काढून टाका. तो दहा मिनिटांत ओला होतो आणि तेच औषध नाकाशी धरून ठेवतो. रासायनिक वाफेचं कार्ट्रिज आणि पुढे धुळीचं फिल्टर असलेला रबरी अर्धा मास्क लागतो. काम झालं की मास्क हवाबंद पिशवीत ठेवा. खुंटीला टांगून ठेवला तर कार्ट्रिज न वापरताच संपतं. मास्क चेहऱ्याला घट्ट बसलेला असूनही वास आला की कार्ट्रिज बदलायची वेळ झाली. दाढी वाढलेली असेल तर मास्क नीट बसतच नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर, अगदी पडलेला वारा चांगला असं सगळे धरून चालतात. पहाटे हवा साफ थांबलेली असते तेव्हा बारीक तुषार जमिनीलगत तरंगत राहतात आणि ब्लोअरमागून येणारा माणूस त्यातच श्वास घेतो. पानं हलतील एवढा मंद, एका दिशेचा वारा बरा. वारा जिकडे जातो त्या टोकापासून सुरुवात करा आणि एकेक ओळ वाऱ्याच्या उगमाकडे सरका, म्हणजे मारलेलं औषध मागे राहतं. ट्रॅक्टरला बंद केबिन नसेल तर हे फारच महत्त्वाचं. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, जुना टूथब्रश खिशात ठेवा. मिसळण्याची जागा विहिरीपासून लांब हवी.

घरातल्या बायकांचा विचार यात नेहमी मागे पडतो. फवारणीचे कपडे धुणाऱ्या बाईच्या हातालाही औषध लागतं. हे कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, गरम पाण्यात दोनदा धुवायचे, घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. मोजे काढायच्या आधी मोजेच साबणाने धुवा, मग काढा, मग लगेच अंघोळ. थिनिंगला (घडांची विरळणी) किंवा डिपिंगला (घड द्रावणात बुडवणं) येणाऱ्या मजूर बायकांना लेबलवर दिलेला वेळ संपेपर्यंत प्लॉटमध्ये घेऊ नका. लेबलवर काहीच नसेल तर किमान २४ तास द्या. डब्यावरचा त्रिकोण पाहायची सवय लावा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

स्वतःकडे लक्ष ठेवायचं ते असं : वास येईनासा होणं, नवीन आणि चिवट बद्धकोष्ठता, चालताना एकच हात न हलणं, सही बारीक होत जाणं. आणि झोपेत स्वप्नाबरोबर लाथा मारणं, ओरडणं. हे शेवटचं लक्षण घरच्यांना हसण्यावारी न्यायची सवय असते. झोपेची तपासणी करून ज्यांच्यात ते पक्कं ठरलं अशांच्या पाठपुराव्यात बारा वर्षांत सुमारे तीन-चतुर्थांश जणांना पार्किन्सन किंवा त्याच गटातला आजार झाला. तेव्हा असं असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच.

प्रश्न : आई ६९ वर्षांची. सहा महिन्यांपासून दोन्ही हात थरथरतात, चाल मंदावली. पार्किन्सन असेल म्हणतात. तिला चक्करसाठी आणि पित्तासाठी वर्षभर गोळ्या चालू आहेत. पार्किन्सनची गोळी सुरू करायची का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आधी त्या दोन पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचा. चक्करच्या गोळीत सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन आहे का? पित्ताच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या जोडीला लेवोसल्पिराइड आहे का? ही औषधं डोपामिनचं काम अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र उभं करतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि मानसिक आजारांवरचं हॅलोपेरिडॉल हीसुद्धा त्याच वाटेची. तिशीतल्या माणसाला हीच गोळी निभावून जाते, कारण त्याच्याकडे डोपामिनच्या पेशींची शिल्लक भरपूर असते. पार्किन्सनची लक्षणं दिसेपर्यंत त्या भागातल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. वयाने शिल्लक आधीच कमी झालेली असली की लक्षणं दिसायला एवढीशी गोळीही पुरते.

दोन्ही हात सारखेच थरथरणं, हे औषधांमुळे असण्याच्या बाजूने जातं. पार्किन्सन बहुधा एका बाजूने सुरू होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने ही औषधं थांबवली तर सुधारणा आठवड्यांत सुरू होते, पण पूर्ण उतरायला सहा महिने, कधी जास्तही लागतात. ‘महिना झाला, फरक नाही’ म्हणून घाई करू नका. तरीही शंका राहिली तर मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी दाखवणारा ट्रोडॅट स्कॅन करतात. नुसत्या औषधांचा परिणाम असेल तर तो नॉर्मल येतो. काहींच्या बाबतीत मात्र खरा पार्किन्सन आतून सुरू झालेला असतो आणि गोळीने तो लवकर उघडा पाडलेला असतो.

तसं निघालं आणि लेवोडोपा ही पार्किन्सनची मुख्य गोळी सुरू झाली, तर तिचा परिणाम बिघडतो तो जेवणाच्या वेळेमुळे. आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना लेवोडोपा आणि प्रथिनांचे घटक एकाच दाराने जातात. वरण, उसळ, दूध, पनीर यांच्याबरोबर घेतली की गोळी दारातच अडते आणि ‘आज गोळी लागलीच नाही’ अशी तक्रार येते. जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास, साध्या पाण्याबरोबर द्या. पहिल्या काही दिवसांत मळमळलं तर सोबत दोन बिस्किटं चालतील, दूध नको. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. बद्धकोष्ठता सुटली की गोळीही नीट लागते. कवचबीजाचं चूर्ण परस्पर सुरू करू नका. त्यात लेवोडोपाच असते, प्रत्येक डब्यात किती ते वेगळं, आणि दोन्ही मिळून डोस नको तितका वाढतो. गोळी एकदम बंद करणं फार धोक्याचं, ताप चढून शरीर ताठ होऊ शकतं. दुसऱ्या कारणासाठी दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर गोळीच्या वेळा कागदावर लिहून नर्सकडे द्या आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नका, असं ठळक लिहा.

प्रश्न : आजी आणि आई दोघींना सत्तरीनंतर अल्झायमर झाला. मी ४५ वर्षांची आहे. जनुकीय चाचणी करू का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : सत्तरीनंतरच्या आजारासाठी नको. अपो-ई या जनुकाच्या ‘ई-४’ या प्रकाराची एक प्रत असेल तर धोका साधारण दोन-तीन पट होतो, दोन असतील तर बराच जास्त. पण ती असून आजार न झालेली आणि नसून झालेली माणसंही भरपूर आहेत, आणि निकाल काहीही आला तरी आज करायच्या गोष्टी त्याच राहतात : ब्लडप्रेशर, साखर, एलडीएल ताब्यात, आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं. घरात दोन पिढ्यांना साठीच्या आत आजार झाला असता तर आमचं उत्तर वेगळं असतं. तेव्हा जनुकीय समुपदेशकाकडे जाऊन मगच चाचणी करतात.

प्रश्न : सातपूरच्या एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढली. आता ६६ वय, ऐकू कमी येतं. मुलगा म्हणतो, मशीन लावा नाहीतर डोकं जाईल. कानाचा आणि डोक्याचा काय संबंध?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय, फक्त जरा घाबरवून. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. ती सगळी आवरता आली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा त्यांचा हिशोब. त्यात मध्यमवयातली बहिरेपणाची सुरुवात वरच्या क्रमांकावर आहे. कान अर्धवट ऐकतो तेव्हा शब्द जुळवण्यातच मेंदूची ताकद जाते आणि माणूस हळूहळू बोलण्यातून, मंडळींतून बाजूला होतो. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत धोका जास्त असलेल्या वृद्धांना श्रवणयंत्रं दिली, तर तीन वर्षांत त्यांच्या बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. धोका कमी असलेल्यांत मात्र तेवढ्या काळात फरक दिसला नाही.

आधी कानातला मळ पाहून घ्या, मग ऑडिओग्राम. आवाजाने गेलेला कान दोन्ही बाजूंना आणि उंच स्वरांत जातो. त्यामुळे ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’ असं होतं. म्हणून यंत्र दोन्ही कानांना आणि ऑडिओग्रामप्रमाणे बसवलेलंच हवं. दुकानातून उचललेलं साधं आवाज वाढवणारं यंत्र भांड्यांचा खडखडाट वाढवतं, शब्द नाही. पैशांची अडचण असेल तर ६५ वर्षांपुढच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३००० रुपये मिळतात. चांगल्या यंत्राला ते पुरत नाहीत, पण हातभार लागतो.

पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन तास, घरात, टीव्ही बंद ठेवून एका माणसाशी बोलताना लावा. मेन रोडच्या गर्दीत पहिल्याच दिवशी लावलं की ते कायमचं ड्रॉवरमध्ये जातं. रोज थोडा वेळ वाढवा आणि दोन-तीन आठवड्यांनी ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन आवाज पुन्हा जुळवून घ्या. ही दुसरी फेरी बहुतेक लोक चुकवतात आणि मग यंत्रालाच नावं ठेवतात. बटणासारख्या झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं तिला हवा लागू द्या, मग बसवा. एकदा स्टिकर निघाला की न वापरताही ती उतरत जाते, तेव्हा दोन बॅटऱ्या एकदम उघडू नका. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून ठेवा.